बोल्टवरचा मुलामा खरंच किती कामाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

रायफलच्या सुट्या भागांवरच्या खास मुलाम्यांबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन मुद्दे मांडलेत. तुमच्या एआर पद्धतीच्या रायफलचा निकेल-बोरॉन चढवलेला बोल्ट कॅरियर (काडतूस मागून बंद करणाऱ्या बोल्टला पुढे-मागे नेणारा भाग) फडक्याच्या दोन फटक्यांत स्वच्छ होतो, म्हणजे मुलामा उपयोगी आहे. त्याचा कठीणपणा हजार व्हिकर्सच्या (कठीणपणाचं एक माप) वर आहे, म्हणजे बोल्ट जास्त टिकणार. आणि त्याला तेल लागत नाही. शिवाय डीएलसी (हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा पातळ थर) कसा आणि तुमच्या कॅरियरवरचा तपकिरी डाग कशाचा, हेही विचारलंत. शेवटी तुम्ही हेही लिहिलंत की "हे सगळं दिखाऊ आहे" हे माझं वाक्य सरसकट होतं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. ते वाक्य चुकलं. नळीच्या आतला क्रोम हा मुलामाच आहे आणि तो पूर्णपणे वसूल होतो. क्रोम 1907 अंश सेल्सिअसला वितळतो, पोलाद त्याच्या कितीतरी आधी. गरम वायूचा मारा चेंबरच्या (नळीतली काडतूस बसण्याची जागा) लगेच पुढे, जिथे नळीतल्या पिळदार खाचा सुरू होतात तिथे, सर्वांत जास्त बसतो आणि क्रोम नेमका तिथेच झीज रोखतो. दमट हवेत चेंबरला गंजही धरू देत नाही. सुरुवातीच्या एम16 ला चेंबरमध्ये क्रोम नव्हता. व्हिएतनाममध्ये गंजलेल्या चेंबरमध्ये काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या अडकू लागल्या आणि 1967 मध्ये चेंबरला क्रोम देणं सुरू झालं. मूळ लेखात ही दुरुस्ती केली आहे.

स्वच्छतेबद्दलही तुमचं म्हणणं मान्य. निकेल-बोरॉनचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, फॉस्फेटचा (पोलादावर रासायनिक प्रक्रियेने दिलेला नेहमीचा थर) सच्छिद्र. काजळी फॉस्फेटच्या छिद्रांत रुतते, निकेलवरून पुसली जाते. पण तीच छिद्रं तेलही धरून ठेवतात. नुसत्या फॉस्फेटला गंजरोधक म्हणणं चूक आहे. गंज रोखतं ते त्यात मुरलेलं तेल. गुळगुळीत मुलाम्यावर तेल टिकत नाही, ओघळून जातं, म्हणून तो "कोरडा चालतो" असा समज होतो. प्रत्यक्षात कॅरियरच्या खालच्या पट्ट्या रिसीव्हरच्या (कॅरियर ज्यात सरकतो तो सांगाडा) ॲनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर कठीण थर आणलेल्या, ॲल्युमिनियमवर घासतात. तो ॲनोडाइझचा थर एकदा निघाला की खालचं मऊ ॲल्युमिनियम भराभर झिजतं, आणि कॅरियरवरचा मुलामा जितका कठीण तितकं ते नुकसान रिसीव्हरच्या बाजूला जातं. चार पट्ट्या, कॅम पिन (बोल्टला फिरवणारी खीळ) आणि बोल्टच्या रिंगा, या जागी तेलाचा थेंब हवाच.

आता कठीणपणा. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

निकेल-बोरॉनचा "हजाराच्या वर" हा आकडा खोटा नाही, पण तो मुलामा चढवल्यावर 350 ते 400 अंशांवर तापवल्यानंतरचा आहे. बाथमधून (मुलाम्याच्या द्रावणातून) नुकत्याच निघालेल्या थराचा कठीणपणा साधारण 700 व्हिकर्सच्या आसपास असतो. बोल्ट मात्र कार्ब्युराइझ केलेल्या, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरवून कठीण केलेल्या, पोलादाचा असतो आणि त्याचं टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवणं) 150 ते 200 अंशांच्या घरात होतं. तो 350 ला तापवला तर मुलामा कठीण होतो आणि खालचं पोलाद नरम पडतं. नाही तापवला, तर मुलाम्याचा कठीणपणा जवळपास बोल्टच्या कठीण केलेल्या पृष्ठभागाइतकाच राहतो, कारण त्याचे 60 एचआरसी (कठीणपणाचं दुसरं माप) म्हणजेही साधारण 700 व्हिकर्स. म्हणजे जे खाली आधीच होतं, त्याच्यावर तेच चढवलं. पुरवठादाराला विचारायचा प्रश्न एकच: मुलाम्यानंतर भाग किती तापमानाला, किती वेळ ठेवला? उत्तर आकड्यांत मिळालं नाही तर तो मुलामा घेऊ नये.

आणि बोल्ट झिजून क्वचितच निकामी होतो. तो तुटतो. कॅम पिनच्या भोकापाशी किंवा एक्स्ट्रॅक्टरशेजारच्या (पुंगळी मागे ओढणारा आकडा) लगच्या (बोल्ट पुढे अडकवून धरणारा दात) मुळाशी चीर पडते आणि वाढत जाते. हा धातूचा थकवा आहे, म्हणजे वारंवारच्या ताणाचा परिणाम, झीज नव्हे. पृष्ठभागावरच्या मुलाम्याने तो थांबत नाही. हार्ड क्रोमच्या थरात तर मुळातच सूक्ष्म भेगा असतात आणि थकव्याची चीर तिथूनच सुरू होऊ शकते.

तापमानाच्या मुद्द्यात नायट्रायडिंगचं उदाहरण बसतं. तो मुलामा नाही, पोलादाच्याच पृष्ठभागात नायट्रोजन मुरवतात. नळीच्या 4140 किंवा 4150 पोलादासाठी वितळलेल्या क्षारांच्या बाथमधलं नायट्रायडिंग उत्तम, कारण त्या पोलादाचं टेंपरिंग तितक्याच उंच तापमानाला झालेलं असतं. पण बाथ 570 अंशांच्या आसपास असतो. तोच बाथ कार्ब्युराइझ केलेल्या बोल्टला दिला की आधीच्या उष्णोपचारावर पाणी पडतं. वर पातळ कठीण पापुद्रा, खाली नरम झालेलं पोलाद. प्रक्रिया एक, पण एका भागाला वरदान आणि दुसऱ्याला नुकसान.

जाडीचा हिशेबही करून पाहा. बोल्टच्या लगच्या मागच्या पृष्ठभागावर 15 मायक्रॉन थर बसला तर बोल्ट तेवढा पुढे सरकतो. बोल्टच्या तोंडावर आणखी 15. एकूण 0.03 मिलिमीटर हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये टेकतं तिथपर्यंतचं अंतर) कमी झाली. .223 काडतुसाच्या रायफलमध्ये गो आणि नो-गो गेजमधला (हे अंतर फार कमी किंवा फार जास्त नाही ना, हे तपासणारी दोन मापकं) फरकच सुमारे 0.08 मिलिमीटर असतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त जागा मुलाम्याने खाल्ली. म्हणून मुलामा देऊन आणलेला बोल्ट एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून, गो गेजवर तपासल्याशिवाय वापरू नये. विद्युत मुलाम्यात कोपऱ्यांवर थर जास्त साचतो. सपाट जागी मायक्रोमीटर लावून समाधान मानू नका, लगच्या कडाही मोजा.

स्प्रिंगा, एक्स्ट्रॅक्टर आणि ट्रिगरचा सिअर (घोडा अडवून धरणारा तुकडा) या भागांना मुलाम्यासाठी पाठवूच नका. ॲसिडच्या धुण्यात आणि विद्युत बाथमध्ये कठीण पोलाद हायड्रोजन शोषतं आणि ठिसूळ होतं. मुलाम्यानंतर चार तासांच्या आत 190 ते 220 अंशांवर कित्येक तास भाजून तो हायड्रोजन काढावा लागतो, तेही टेंपरिंगच्या तापमानाच्या खाली राहून. हे केलं नाही तर स्प्रिंग आज ठणठणीत दिसते आणि काही दिवसांनी नुसत्या ताणाने तुटते. सिअरवर तर काही मायक्रॉनच्या थरानेही पकड बदलते.

डीएलसीबद्दल तुम्ही विचारलंत. त्याचं घर्षण कोरड्यातही खरोखर कमी, थर दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणून मापाची अडचण नाही. फायरिंग पिन आणि कॅम पिन या कठीण पोलादाच्या, बाहेरून घासणाऱ्या भागांना तो शोभतो. नरम भागावर मात्र तो अंड्याच्या कवचासारखा वागतो: खालचं दबलं की वरचं फुटतं. आणि हा थर समोर दिसणाऱ्या पृष्ठभागावरच नीट बसतो, खोल भोकाच्या आत नाही. कॅरियरच्या आतल्या ज्या नळकांड्यात बोल्टच्या रिंगा सरकतात, तिथे सैनिकी नमुन्यात आधीच हार्ड क्रोम असतो. बाहेर फॉस्फेट, आत क्रोम, ही साधी जोडी विचार करून ठरवलेली आहे. त्यावर निकेल चढवायचं तर आतला क्रोम आधी पूर्ण उतरवावा लागतो, कारण क्रोमवर दुसरा थर नीट चिकटत नाही. घाईत केलेल्या कामाचे पोपडे बहुतेक तिथेच सुटतात.

आता तुमच्या कॅरियरवर कॅम पिनच्या खाचेजवळ दिसणारा तपकिरी डाग. भाग स्वच्छ पुसा, दहापट भिंगाखाली धरा, नख फिरवा. कड लागत नसेल आणि रंग पिवळट असेल, तर तो उष्णतेचा आणि काजळीचा डाग आहे, सोडून द्या. तांबूस रंग पुसल्यावर एक-दोन दिवसांत परत आला, तर मुलाम्याला सूक्ष्म छिद्र आहे. निकेल पोलादापेक्षा कमी गंजणारं असल्याने सगळा गंज त्या छिद्राखालच्या पोलादावर एकवटतो आणि आत खोल जातो. तिथे रोज तेल लावा, अमोनिया असलेलं द्रावण अजिबात वापरू नका. आणि नखाला कड लागली, म्हणजे थर उचलला गेला असेल, तर कॅरियर वापरणं आजच थांबवा. सुटलेला तुकडा बोल्ट आणि कॅरियरच्या मध्ये गेला की तो सँडपेपरसारखं काम करतो. असा भाग मुलामा पूर्ण उतरवून परत फॉस्फेट करून घ्या. फक्त उतरवताना ॲसिड वापरलं जाणार असेल, तर नंतरच्या भाजण्याचं लेखी मागा.