पिसातला पारा

उन्हाळा लागला की सोलापूरहून आईच्या फोनवर तोच विषय. उजनी धरणाचं पाणी हिरवं पडलंय, नळाला वास येतोय, आणि तेही तीन-चार दिवसांआड. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून आपल्या हंड्यात, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण भांडण होतं ते टीएमसीवरून. त्या पाण्यातलं काय माशात उतरलं, मासा खाणाऱ्या पक्ष्यात किती गेलं, यासाठी रास्ता रोको होत नाही.

मी स्टॉकहोमला हेच काम करते. दर वर्षी बाल्टिक समुद्रातले वीतभर हेरिंग मासे आमच्या टेबलावर येतात. लांबी, वजन, वय नोंदवायचं, मांस आणि यकृताचे तुकडे तपासणीला द्यायचे, उरलेले गोठवून ठेवायचे. पाकिटावर ठिकाण आणि तारीख. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून हे चालू आहे. त्या काळी ज्या रसायनांचं नावही कुणी घेत नव्हतं, ती आज त्या जुन्या माशांत शोधता येतात.

इथं बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याचं औषध चोळत. शेतात पक्षी मरून पडू लागले, तेव्हा शास्त्रज्ञांनी संग्रहालयातल्या गोशॉक या शिकारी पक्ष्याची पिसं काढली. पीस वाढताना रक्तातला पारा त्यात बसतो आणि तिथंच राहतो. शंभरेक वर्षांच्या पिसांत पारा कमीच होता, १९४० नंतर मात्र एकदम चढलेला. १९६६ साली त्या औषधावर बंदी आली. कुणीतरी जुनी पिसं जपली होती म्हणून हे जमलं.

इथलं सगळं गोमटं आहे असं मुळीच नाही. बाल्टिकच्या हेरिंगमध्ये अजून डायॉक्सिन हे विषारी रसायन आहे. लहान मुलांनी आणि पुढे मूल होऊ शकेल अशा बायकांनी तो वर्षातून दोन-तीनदाच खावा, असं सरकार सांगतं. पण सांगतं. उजनीजवळच्या टेंभुर्णीच्या बाजारात चिलापी घेणाऱ्या माझ्या मामीला कोण सांगणार? ती एवढंच म्हणते, "पयल्यासारखी मरळ गावत न्हाई गं आता."

"आधी प्यायला चांगलं पाणी द्या, मग मासे मोजा," असं गावाकडचे मित्र म्हणतात. पिंपात पाणी साठवून मी वाढले, त्यांचं म्हणणं मला पटतं. सांडपाण्याचे प्रकल्प व्हायलाच हवेत, त्यांना कोटी लागतात आणि वर्षं लागतात. पण शुद्धीकरणाने पाणी खरंच सुधारलं का, हे आजचा मासा हाताशी असल्याशिवाय उद्या कशाशी ताडून बघणार?

सोलापूर विद्यापीठानं एका डीप फ्रीझरपासून सुरुवात करावी. दर वर्षी त्याच महिन्यात, उजनीच्या त्याच जागांवरून दहा-दहा चिलापी. वनखात्यानं नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गळालेली पिसं तारीख घालून कागदी पाकिटात ठेवावीत. पुढच्या डिसेंबरात मी येतेय. मासे कसे कापायचे आणि पाकिटावर काय काय लिहायचं, ते पोरांना शेजारी बसून शिकवीन.