'मजेसाठी खेळूया' म्हणणारीला समोरच्या टीममध्ये द्या

गौरीचं जेवण झालं, आरत्या झाल्या, भजनी मंडळी चहा पिऊन गेली आणि कोकणातल्या घराच्या माजघरात पंधरा-वीस माणसं मोकळी बसली, की कोणीतरी म्हणणारच, "चला, दमशेराज खेळूया." म्हणजे तोंडातून शब्द न काढता, नुसत्या हातवाऱ्यांनी आपल्या टीमकडून सिनेमाचं नाव ओळखून घ्यायचं. तुम्ही लगेच उत्साह दाखवू नका. "काय हे पोरखेळ," असं म्हणत सुपारी कातरत बसा आणि टीम पाडायला लागले की आधी कॅप्टन व्हा.

नवरा-बायकोला एका टीममध्ये ठेवू नका. तिने नुसती भुवई उचलली तरी ह्याला सिनेमाचं नाव कळतं. (घरी वाजणारी कुकरची शिट्टी मात्र ऐकू येत नाही.) "मजेसाठी खेळूया, पॉइंट्स कशाला?" म्हणणारी मावशी समोरच्यांना उदार मनाने देऊन टाका.

सिनेमा देताना दयामाया नको. 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' हे १९८० सालचं नाव लांबलचक, म्हणून नवखे हटकून तेच देतात. खेळणाऱ्याने सात बोटं वर केली रे केली, की अर्धं घर ओरडून मोकळं. खरा मार एका शब्दात असतो. आतेभावाला 'श्वास' द्या. २००४ साली भारतातर्फे ऑस्करला पाठवलेला सिनेमा, त्यामुळे "असलं काही ऐकलंच नाही" ही पळवाटही बंद. तो बिचारा छाती धरून उभा राहील. काकू 'दमा' म्हणतील, कोणी 'प्राणायाम' म्हणेल, आणि आजी खरंच घाबरून पाणी मागवतील. तेवढ्यात वेळ संपते. मोबाइल तुमच्याच हातात असल्यामुळे ती थोडी लवकरच संपते.

नियम आधी ठरवायची घाई करू नका. नियम हरायला लागल्यावर काढायचे असतात. कानाची पाळी ओढली की तसाच ऐकू येणारा शब्द, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलेलं चालतं का? ओठ हलले तर बोलले असं धरायचं का? हे वाद राखून ठेवा, शेवटच्या डावाला लागतात.

अमेरिकेहून आलेला चुलतभाऊ एव्हाना बॅगेतून टॅबूचा डबा काढेल. १९८९ साली तिकडे निघालेला खेळ. कार्डावरचा शब्द आपल्या टीमकडून ओळखून घ्यायचा, पण त्याखाली छापलेले पाच शब्द तोंडातून काढायचे नाहीत. काढले की समोरचा बझर दाबतो. नियम समजावून सांगताना त्याला वाटत असतं, आपण काहीतरी नवीन आणलंय. सातबारा, वाटणी, मृत्युपत्र, आंब्याचे पैसे आणि धाकट्याचं लग्न हे पाच शब्द ह्या माजघरात कित्येक गणपती कोणी उच्चारलेले नाहीत. बझर म्हणून मोठ्या काकांचं खाकरणं पुरतं.

तरी खेळा. 'घर' ओळखून घ्यायची पाळी धाकट्या काकांवर आणा. ते म्हणतील, "जे सगळ्यांनी मिळून शाकारायचं ठरलं होतं, पण पैसे एकट्याने दिले, ते काय?" टीम एका सुरात उत्तर देईल. पॉइंट द्यावाच लागतो. तुम्ही समोरच्या टीममध्ये असलात, तर "एकट्याने दिले नव्हते, कौलांचे आम्ही दिले होते," अशी हरकत घ्या आणि ती विसर्जनापर्यंत चालू ठेवा.