‘नुसती आरती’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि ॲसिडच्या विक्रीवर निर्बंधांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका करणाऱ्या लक्ष्मी अगरवाल यांच्यावरच्या लेखाखाली आपण लिहिलंय: ‘नुसती आरती ओवाळली आहे. त्या याचिकेने काडीचाही फरक पडला नाही, आमच्या कोपऱ्यावर आजही ॲसिड मिळतं. पुरुषांवरच्या हल्ल्यांबद्दल अवाक्षर नाही. असल्या बायकांना पुरस्कार तेवढे मिळतात.’ टीका जरूर करा. पण ‘असल्या बायकांना’? समोरासमोर असं बोलला असता का?

लेखाचं शीर्षक जरा भावुक झालं, मान्य. पुरुषांचं म्हणाल, तर ॲसिड हल्ल्याचं कलम स्त्री-पुरुष भेद करत नाही, विषय संपला. पुरस्काराचं म्हणाल, तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांना 2014 साली गौरवलं, तेव्हा याचिका दाखल होऊन आठ वर्षं झाली होती. पुरस्कारासाठी कोणी इतकी वर्षं सर्वोच्च न्यायालयात तारखा घेत नाही.

आता ‘काडीचाही फरक’. विधी सेवेच्या कामात केस पांढरे झालेत माझे, तेव्हा हे जरा नीट ऐका.

2005 मध्ये दिल्लीत खान मार्केटजवळ त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा दंडविधानात ॲसिडसाठी वेगळं कलमच नव्हतं. 326 (घातक साधनाने गंभीर दुखापत) किंवा 307 (खुनाचा प्रयत्न) लावायचं, आणि 326 ला किमान शिक्षा नाही. 2013 मध्ये 326अ आलं: किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. नेम चुकला तरी 326ब खाली पाच ते सात वर्षं. आता हे सगळं भारतीय न्याय संहितेच्या 124 मध्ये आहे. श्रेय एकट्या याचिकेचं नाही, दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्कारानंतर कायदे सुधारायला नेमलेल्या वर्मा समितीचंही आहे. पण 18 जुलै 2013 चा विक्रीबाबतचा आदेश याच याचिकेतला: गिऱ्हाइकाचं फोटो ओळखपत्र आणि कारण घ्यायचं, नाव-पत्ता आणि किती माल दिला ते रजिस्टरात लिहायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही, आणि साठा पंधरा दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवायचा. न कळवलेला साठा जप्त, वर पन्नास हजारांपर्यंत दंड.

खरा फरक रुग्णालयाच्या दारात पडतो, आणि तो तुमच्या कोपऱ्यावरून दिसत नाही. पूर्वी खासगी रुग्णालय सरळ ‘आधी डिपॉझिट भरा, एफआयआर आणा’ म्हणायचं. आता दोन्हींसाठी थांबवता येत नाही. मोफत उपचारांची ही सक्ती आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357सी मध्ये होती, आज नागरिक सुरक्षा संहितेच्या 397 मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 10 एप्रिल 2015 च्या आदेशाने खुलासा केला की मोफत म्हणजे नुसती मलमपट्टी नव्हे. औषधं, खाट, जेवण आणि चेहऱ्याच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही. शिवाय पहिल्या रुग्णालयाने ‘ही व्यक्ती ॲसिड हल्ल्याची बळी आहे’ असं प्रमाणपत्र द्यायचं.

घोळ इथेच होतो. ड्युटीवरचा डॉक्टर केसपेपरवर ‘केमिकल बर्न’ एवढंच लिहून मोकळा होतो. पुढे व्रण आवळत जातो, हनुवटी छातीकडे ओढली जाते, पापणी पूर्ण मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडतं. तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात जावं लागतं आणि तिथे पहिला प्रश्न असतो, ‘हल्ला होता याचा कागद कुठाय?’ म्हणून डिस्चार्जच्या आधी ते प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह हातात घ्यायचं, मूळ प्रत घरी ठेवायची आणि झेरॉक्स द्यायच्या.

भरपाईचंही तसंच. आदेशाप्रमाणे किमान तीन लाख, त्यातले एक लाख पंधरा दिवसांत, उरलेले दोन महिन्यांत. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही. बरेच जण निकालाची वाट बघत बसतात, कारण कोणी सांगतच नाही. लेखात हे सगळं होतं. आपण शीर्षकापाशीच थांबलात बहुतेक.

ॲसिड आजही मिळतं, हे मला तुमच्याकडून कळायला नको. पाण्याच्या जुन्या बाटलीत, लेबल न लावता, संडास धुवायचं म्हणून सुटं विकतात. आदेश आहे, तपासायला जाणारा नाही. आपल्याला दुकान ठाऊक आहे ना? मग प्रतिक्रियांच्या चौकटीत नको, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे लेखी द्या: दुकानाचा पत्ता, तारीख, किती मिळालं, ओळखपत्र मागितलं का, रजिस्टर दाखवलं का. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. पोच नसेल तर महिन्याभराने तुमचा अर्ज आलाच नव्हता असं सांगतात.