कराडचा बौद्ध धर्म १९५६ सालचा नाही

"सातारा-सांगली भागात १९५६ च्या आधी बौद्ध धर्माचं नावही नव्हतं," असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. परवा पुतणीनं तो मला पाठवून विचारलं, "काका, हे खरंय का?" पोरगी कराडात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, गच्चीवरून बौद्ध लेण्यांचा आगाशिवचा डोंगर दिसतो आणि तिलाही शंका यावी! म्हणून हे लिहितोय.

मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहुतचा स्तूप, म्हणजे बौद्धांची घुमटाकार पूज्य वास्तू, होती, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. त्या स्तूपाच्या दगडी कठड्यावर दात्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. त्यात 'करहकट' निगमाचं, म्हणजे त्या नगराचं दान आहे. हे करहकट म्हणजे आपलं कराड, असं अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं तिकडच्या स्तूपासाठी दान धाडत होती, आणि म्हणे नावही नव्हतं! कोकणात कुडे लेण्यांत कराडच्याच एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचं, महिकाचं, दान कोरलंय.

मेसेजमधलं सर्वांत संतापजनक वाक्य पुढचं: आगाशिवची लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. अहो, जखिणवाडीला जाऊन डोंगर चढा. साठाहून जास्त लेणी आहेत. चैत्यगृहात, म्हणजे पूजेच्या दालनात, खडकातच कोरलेला स्तूप, विहारांत भिक्षूंच्या खोल्या, निजायला दगडी ओटे. पांडवांना स्तूप कशाला हवा होता? ज्यांनी छिन्नी चालवली, ज्यांनी पैसा दिला, त्यांचं श्रेय असं एका ओळीत पुसून टाकायचं?

एवढं मान्य करतो की मधल्या कित्येक शतकांत इथं भिक्षुसंघ उरला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली, त्यानंतरच बुद्ध पुन्हा गावोगावच्या घरांत पोचले. पुन्हा, हे लक्षात घ्या.

मेसेजमध्ये पुढं आहे, "बुद्ध म्हणतात सगळं दुःखच, हातपाय हलवू नका." बुद्धांच्या चार आर्यसत्यांतलं पहिलं तेवढं उचललंय. दुःखाचं कारण तृष्णा, ते थांबवता येतं आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे, ही तीन सोडून दिली. त्या मार्गात सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्न, हे एक अंगच आहे.

राहता राहिली अशोकाची तलवार, म्हणजे बौद्ध धर्म चीनपर्यंत त्याच्या तलवारीनं पसरला, हा मेसेजचा दावा. राजाश्रय त्यानं दिला, खरं आहे. पण कलिंगच्या संहाराचा पश्चात्ताप त्यानंच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवलाय. श्रीलंकेत महेंद्र गेला तो भिक्षू म्हणून. आणि चीनवर तर अशोकाचं राज्य कधीच नव्हतं. तिथं धम्म पोचला मध्य आशियातल्या व्यापारी वाटांनी, तांड्यांबरोबर चालणाऱ्या भिक्षूंच्या पायांनी.