उतारा ओलांडू नये

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बोळाच्या तोंडाशी लिंबू, हळद-कुंकू लावलेला भात आणि वर एक बिब्बा असा ऐवज पडलेला असतो. शिकवणीला येणारी पोरं त्याला लांबून वळसा घालतात. पाय लागू द्यायचा नाही, वाकून बघायचं नाही, मागे वळायचं तर नाहीच. आत येऊन बसली की मी त्यांच्यापुढे इंग्रजीचा उतारा ठेवतो आणि ती त्यालाही अगदी तस्साच वळसा घालतात. दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे. तो ज्याने ठेवला त्याला माध्यमिक शाळेचा दांडगा अनुभव असावा.

तुमचं लेकरू यंदा नववी-दहावीत असेल तर हा वळसा त्याला वेळेवर शिकवा. मी सोलापूरच्या पूर्व भागात बरीच वर्षं शिकवण्या घेतोय, त्यामुळे सल्ला फुकटचा असला तरी हलका नाही.

पहिली गोष्ट, उतारा वाचायचा नाही. आधी प्रश्न बघायचा. प्रश्नातला एक ठळक शब्द पकडायचा, माणसाचं नाव असेल तर उत्तमच. मग तो शब्द उताऱ्यात बोटाने हुडकायचा आणि सापडला की आधीच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंत जे काही असेल ते उत्तरपत्रिकेत उतरवायचं. प्रश्न 'व्हाय'ने सुरू होत असेल तर 'बिकॉज' शोधायचं. विश्वास बसत नसेल तर हा मराठी उतारा घ्या:

'त्या दिवशी झिंगोबा पाटळीत भुरकटून बसला होता, कारण त्याची खुळदी चेंबारली होती. शेजारच्या टिपराने त्याला दोन गिलवे दिले. तेव्हा कुठे खुळदी निवळली.'

आता सांगा, झिंगोबा का भुरकटून बसला होता? त्याला गिलवे कोणी दिले? किती दिले? त्याचा परिणाम काय झाला? चारही उत्तरं तुम्हाला आली. पैकीच्या पैकी. खुळदी म्हणजे काय, ती अंगाचा भाग आहे की म्हैस आहे, हे तुम्हाला कळलेलं नाही. मलाही कळलेलं नाही, आणि उतारा तर मीच लिहिलाय. पेपर तपासणाऱ्याला त्याचं सोयरसुतक असायचं कारणच नाही. याला आपल्याकडे आकलन म्हणतात.

दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा. उताऱ्याखाली ए-वन ते ए-फाइव्ह अशा पाच कृती येतात. चूक की बरोबरमध्ये दोन चूक आणि दोन बरोबर असतात असं धरून चालावं, निम्मे गुण बसल्या जागी पदरात पडतात. खरी अडचण ए-फाइव्हची. तिथे मुलाचं स्वतःचं मत विचारतात. कुणाच्या डोक्यातून निघालं हे, कोण जाणे. पण शिक्षकांनी त्यावरही तोड काढली आहे. मत फळ्यावर लिहून देतात. आमच्याकडे एका वर्गातल्या साठच्या साठ पोरांना एकाच तासाला, एकाच वाक्यात, संध्याकाळी बागेत फिरायला आवडू लागलं. एप्रिल महिना होता, बाहेर बेचाळीस डिग्री.

दुसरी गोष्ट शब्दार्थांची. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी असे रोज वीस शब्द पाठ करून घ्या. एका शब्दाला एकच अर्थ. दोन अर्थ सांगितले तर मुलं गोंधळतात, मग विचार करू लागतात. 'लेफ्ट' म्हणजे डावा, विषय संपला. परवा एका हुशार पोराने 'ही लेफ्ट द हाऊस' याचं मराठी 'तो घराच्या डाव्या बाजूला' असं केलं. मी विचारलं, "अरे, पण तिथं तो काय करूलालाय?" तर म्हणाला, "ते उताऱ्यात दिलं नाही सर." चोख उत्तर.

न्यूझीलंडचे पॉल नेशन हे शब्दसंग्रहाचे मोठे अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं की कुणाच्या मदतीशिवाय वाचून नीट समजायचं असेल तर मजकुरातले ९८ टक्के शब्द वाचणाऱ्याच्या ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी पाहुणा एकच. असला मजकूर मुलाच्या हाती लागणं फार वाईट. ते एका बैठकीत चार पानं वाचून काढतं आणि पाचवं मागतं. म्हणून सोपी, चित्रांची, पातळ पुस्तकं शाळेच्या कपाटात असली तरी कपाटाला कुलूप आणि किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे, ही व्यवस्था मोडू नका. मुलाच्या हातात असा उतारा द्या, ज्यात ओळीला चार शब्द अडतील. मग ते आपोआप पेन्सिल घेतं आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहीत बसतं. 'वेडनेसडे', 'रिसीप्ट', 'इसलंड'. दोन तास पोर खाली मान घालून बसलेलं दिसतं. आईबापाच्या डोळ्यांना यापेक्षा गोड दृश्य दुसरं नाही.

वाचनाचं हे असं. श्रवणाचं तर आणखी सोपं, कारण ते कुणी करतच नाही.

एका शाळेतली श्रवणाची परीक्षा मी दारात उभा राहून पाहिली आहे. शाळेच्या पाठीमागे यंत्रमागाचे कारखाने, त्यांचा खटक-खट खटक-खट अखंड चाललेला. सरांनी टेबलावर मोबाइल ठेवला, त्यातून एक गोरी बाई काहीतरी बोलली. तिसऱ्या बाकाच्या मागे फक्त टॉवेल विणल्याचा आवाज. सरांनी मोबाइल बंद केला आणि स्वतः वाचायला घेतलं. "द... ओल्ड... मॅन... म्हणजे म्हातारा... वेन्ट... म्हणजे गेला..." शेवटी तेही कंटाळले. त्यांनी मजकूर फळ्यावर लिहिला, मुलांनी तो वहीत उतरवून घेतला, आणि श्रवणाचे गुण हस्ताक्षर बघून दिले. मी हसत नाही. पासष्ट पोरं, एक मोबाइल आणि बाहेर अठ्ठेचाळीस माग चालू असताना तुम्ही काय दिवे लावले असते, तेही सांगा.

तेव्हा मुलाला इंग्रजी ऐकवायचंच झालं तर सुटं सुटं ऐकवा. प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून. खरं इंग्रजी तसं कुणी बोलत नाही. तिथे 'गोइंग टू'चं 'गोना' होतं, 'वॉन्ट टू'चं 'वॉना' होतं, 'कम्फर्टेबल'मधलं मधलं अक्षर गिळून 'कम्फ्टेबल' उरतं, आणि 'ऑफ', 'टू', 'कॅन' असले बारके शब्द जिभेखालून निसटून जातात. हे मुलाला कळता कामा नये. विशेषतः सोलापूरच्या मुलाला, कारण त्याला ते नवीन वाटणार नाही. 'काय करू लागला आहेस रे' याचं 'काय करूलालास बे' आपण बोलता बोलता करतो. ते समजायला आपल्या पोरांना कधी तक्ता लागला नाही. एकदा का त्याच्या ध्यानात आलं की तिकडचे लोकही आपल्यासारखेच शब्द खातात, तर त्याची भीती मोडेल. भीती मोडली की शिकवण्या मोडतील. माझ्या पोटाचाही विचार करा.

माझ्याकडे नववीतली एक पोरगी येते. घरात तेलुगू. आजी दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, तिच्याशी ही तेलुगूत बोलते. शेजारच्या काकू अक्कलकोटकडच्या, त्यांच्याशी कानडी. शाळेत मराठी. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी आपली सोलापुरी हिंदी, जी ऐकून दिल्लीवाला खाली बसेल. एकदा मी तिला विचारलं, कानडी कुणी शिकवलं? तिला प्रश्नच कळला नाही. काकूंचं बाळ सांभाळत होती म्हणे, मग आलं. धडा नाही, शब्दार्थ नाही, रिकाम्या जागा नाहीत. आधी वर्षभर नुसतं ऐकलं, मग समजू लागलं, बोलणं त्याच्या मागून आलं, तेही चुकत-माकत. काकूंनी तिच्या कानडीला कधी लाल पेनाने गोल केला नाही. इंग्रजी मात्र ती रीतसर शिकली आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे यंदा तिचं नववं वर्ष. नऊ वर्षांच्या मानाने तिला कानडी फारच चांगलं येतं.

इथे एक धोका सांगून ठेवतो. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळुरू आणि मद्रासकडच्या काही शाळांत भलताच उद्योग केला होता. व्याकरणाचे धडे बाजूला सारून त्यांनी मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक ठेवलं, नकाशे ठेवले. गाडी अमुक वाजता सुटते, तमुक वाजता पोचते, तर प्रवास किती तासांचा? मुलं हिशेब करण्यात गुंग, इंग्रजीकडे त्यांचं ध्यानच नाही, आणि ते मागच्या दाराने हळूच आत. बंगलोर प्रकल्प म्हणून त्याचं नाव इंग्रजी शिकवण्यावरच्या पुस्तकांत देशोदेशी घेतलं जातं. उद्यान एक्स्प्रेस रोज सोलापूरवरून बंगळुरूला जाते, आणि तिकडून येतेही. सुदैवाने त्या गाडीतून हे खूळ काही आपल्या स्टेशनावर उतरलं नाही.

म्हणूनच सांगतो, परीक्षेच्या वर्षात मुलाला स्टेशनावर नेऊ नका. मामाला सोडायला जायचं असेल तर एकटे जा. तिथे एकच गोष्ट मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लागोपाठ ऐकवतात. अर्थ आधीच हातात, इंग्रजी मागून येतं, आणि ज्यात जीव अडकलाय अशी बातमी असते, गाडी किती लेट. दहा मिनिटांत तेच तीनदा. 'इन्कन्व्हिनियन्स'चं स्पेलिंग विचारलं तर मीसुद्धा आधी घाम पुसेन, पण त्याचा अर्थ प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. तीच गत क्रिकेटच्या इंग्रजी कॉमेंट्रीची. कॅच सुटला की खेळाडू दिसायच्या आधी, नुसत्या आवाजावरून घरभर पोरं 'अर्रर' करतात. पण ते अभ्यासक्रमात नाही, म्हणजे ते इंग्रजी नव्हे. टीव्ही बंद करा.

एवढं करूनही दगाफटका होतोच. वर सांगितलेली पोरगी सहामाहीच्या पेपरात हसली. मोठ्याने नाही, पण हसली. न पाहिलेला उतारा होता, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या आजोबांचा. पर्यवेक्षकांनी तिला उभं केलं. दप्तर तपासलं, कंपास उघडायला लावला, बाकाखाली वाकून पाहिलं. ती सांगत होती, "सर, चष्मा डोक्यावरच हाय." सरांनी स्वतःच्या डोक्याला हात लावला.

त्या उताऱ्यावर प्रश्न होता, घरचे सगळे गप्प का बसले? उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नव्हतं, ओळखायचं होतं. बाकीच्या पोरांनी 'फॅमिली' हा शब्द हुडकला आणि ते वाक्य पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत उतरवलं, 'द फॅमिली केप्ट क्वाएट अँड ड्रँक टी.' घरचे गप्प का बसले? तर घरचे गप्प बसले आणि चहा प्यायले. पैकीच्या पैकी. हिने लिहिलं, 'दे वॉज एन्जॉयिंग.' सरांनी 'वॉज'भोवती लाल गोल केला आणि शून्य दिलं.

पेपर घेऊन तिची आई माझ्याकडे आली होती. काळजीत होती बिचारी, पोरगी पेपरात एकटीच हसते म्हणून. मी म्हटलं, घाबरू नका, वेळेत ध्यानात आलंय. शनिवारी तिन्हीसांजेला तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका, आणि सोमवारपासून तिला गाईड द्या.