ओगरचे हिट पॉइंट दुप्पट करून लढत तगडी होत नाही

सोलापुरात डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकून एकेक पात्र वठवायचा खेळ, खेळणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत सध्या एक संदेश फिरतोय. नव्या डीएमसाठी (खेळ चालवणारा, शत्रूंच्या बाजूनं खेळणारा) तगडी लढत रचायचा पाचकलमी मंत्र म्हणे. शत्रूचे हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसतो तो आकडा, दुप्पट करा. सीआर, म्हणजे शत्रूच्या ताकदीचा आकडा, पार्टीच्या (खेळाडूंच्या टोळीच्या) लेव्हलपेक्षा वर ठेवा. शत्रू हुशार वाटायला हवा, म्हणून सगळ्यांत आधी क्लेरिकला, म्हणजे जखमा भरणाऱ्याला, लोळवा. लढत सोपी जायला लागली तर पडद्याआड आकडे फिरवा. आणि कुणी मेलं नाही, तर ती लढत कठीण नव्हतीच. खाली अंगठ्यांची ही रांग. पाचही कलमं मला पटत नाहीत, पण पहिल्या दोघांनी खेळाची जास्त वाट लावली आहे, म्हणून त्यांच्यावरच जास्त बोलतो.

2014 च्या पाचव्या आवृत्तीतला ओगर, हा धिप्पाड राक्षस, घ्या. हिट पॉइंट 59, आर्मर क्लास 11 (वार लागायला वीसपैलू फासा अधिक हल्ल्याचा आकडा एवढा तरी यावा लागतो). समोर तिसऱ्या लेव्हलचे चौघे, प्रत्येकाचा हल्ला +5 नं, लागला तर सरासरी साडेसात. चारातले तीन वार लागतात, म्हणजे राउंडला साधारण 22. तिसऱ्या राउंडला ओगर आडवा. आता संदेशातल्याप्रमाणे त्याचे 118 करा. लढत सहाव्या राउंडपर्यंत जाते. तेवढे राउंड ओगरची गदाही चालते, पार्टीचं रक्त जास्त सांडतं, हे मान्य. पण चौथ्या राउंडला फायटर काय करतो? तिसऱ्याला केलं तेच. पाचव्याला? तेच. सहाव्याला कुणीतरी मोबाईल काढतो आणि कोपऱ्यातून आवाज येतो, “काय बे, मरंना का ह्यो?”

शत्रूला जास्त टिकवायचंच असेल तर त्याच्या अंगात काही भरू नका, त्याला जागा द्या. आपला भुईकोट किल्ला बघा: दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. असल्या तटावर सहा गॉब्लिन (बुटके, चपळ शत्रू) धनुष्यं घेऊन बसवा, आणि दोन खाली, लुटलेल्या चादरींच्या गाड्या आत घेऊन दरवाजा लोटायला लावा. दरवाजा बंद व्हायला तीन राउंड. गॉब्लिनचा आर्मर क्लास 15, हिट पॉइंट फक्त 7. उघड्या माळावर +5 वाल्याचा वार त्याला शंभरात 55 वेळा लागतो. तटाच्या चऱ्यांमागे तीन-चतुर्थांश आडोसा धरला की आर्मर क्लास 20 होतो आणि 55 चे 30 होतात. एकही हिट पॉइंट न वाढवता गॉब्लिन जवळजवळ दुप्पट टिकाऊ झाला.

पण दुप्पट आकड्यात आणि या दुपटीत फरक आहे. 118 हिट पॉइंटवर खेळाडूकडं उतारा नसतो, मारत राहायचं एवढंच. आडोशावर उतारे आहेत. क्लेरिकचा सेक्रेड फ्लेम आडोसा मानतच नाही. एरवी टाकाऊ ठरवलेला तो कँट्रिप (फुकटात टाकता येणारा मंत्र) अचानक कामाचा होतो. रोग, म्हणजे पार्टीतला चोरटा गडी, तटावर चढायला बघेल. विझार्डनं, म्हणजे जादूगारानं, फॉग क्लाउड (धुक्याचा मंत्र) टाकला की लपून नेम धरण्याचा फायदा संपतो. आणि तो फायदा बारीकसारीक नाही: गॉब्लिन बाण सोडून बोनस अ‍ॅक्शनला (म्हणजे त्याच टर्नमधल्या जादाच्या कृतीनं) पुन्हा लपू शकतो. आर्मर क्लास 16 असलेल्यावर सहा बाणांतून राउंडला सरासरी 15 नुकसान होतं, सहाही जण लपून मारू लागले की ते 23 वर जातं. मग प्रश्न पडतो, धुकं करायचं की तोच स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) मॅजिक मिसाइलला ठेवायचा? जिना शोधायचा की दरवाज्याकडं पळायचं? आणि दरवाजा तिकडं लोटला जातोय.

दुसरं कलम सीआरचं. सीआर हा आकडा चौघांची, विश्रांती घेतलेली, धडधाकट पार्टी धरून काढलेला असतो. तो लेव्हलपेक्षा वर नेला की लढत कठीण होते असं नाही, बेभरवशाची होते. 2014 चं डंजन मास्टर्स गाइड स्वतःच सांगतं, की ओगरचा सीआर 2 असला तरी पहिल्या लेव्हलच्या विझार्डला तो एका फटक्यात मारू शकतो. हिशेब करून बघा. विझार्डचे हिट पॉइंट 8. ओगरचा वार दोन आठपैलू फासे अधिक 4. बेरीज 16 किंवा जास्त आली तर शून्याखाली उरलेलं नुकसान पुन्हा 8 भरतं आणि विझार्ड जागच्या जागी खलास, डेथ सेव्ह (मरणातून वाचायचे फासे) वगैरे काही नाही. लागलेल्या 64 वारांपैकी 15 वेळा असं होतं. यात खेळाडूनं काय चुकवलं? काही नाही. फासा पडला.

उलट बाजूही तितकीच खरी. त्याच पुस्तकात एका दिवसात, म्हणजे दोन मोठ्या विश्रांतींच्या मधे, सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढती गृहीत धरल्या आहेत. आपल्याकडं काय होतं? रविवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर गच्चीवर पाच-सहा डोकी जमतात, तासभर गप्पा, मग एकच लढत, आणि पुढच्या रविवारी सगळे झोपून उठल्यासारखे ताजे. सगळे स्पेल स्लॉट भरलेले. अशा पार्टीसमोर छापील ‘डेडली’ (सगळ्यांत अवघड दर्जाची) लढतसुद्धा लुटुपुटूची वाटते. मग डीएम सीआर वाढवतो. त्यापेक्षा विश्रांती रोखा. रविवार संपला म्हणून पात्रांची रात्र होत नाही. आज जळालेले स्लॉट पुढच्या बैठकीतही जळालेलेच राहू द्या. दोन महिने हे केलं की क्लेरिक क्युअर वून्ड्स म्हणण्याआधी थबकायला लागतो.

संख्येबद्दल जाता जाता. 2014 च्या नियमांत शत्रू वाढले की एक्सपीला (शत्रू मारल्याच्या गुणांना) गुणक लागायचा: दोघांना दीडपट, तीन ते सहाला दुप्पट, सात ते दहाला अडीचपट. आमचे आठ गॉब्लिन 50 च्या दरानं 400 एक्सपीचे, पण हिशेबात 1000 चे; तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी ‘हार्ड’. एकटा ओगर 450 चा आणि ‘ईझी’. 2024 च्या नव्या गाइडमधून गुणक काढून टाकला. हिशेब सोपा झाला, पण आठ जणांना आठ टर्न मिळतात आणि ओगरला एकच, हे काही बदललेलं नाही.

आता क्लेरिक. शत्रू हुशार दाखवायचा म्हणून प्रत्येक लांडग्यानं, कोबोल्डनं, चालत्या सांगाड्यानं थेट हीलर हुडकायचा? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडगे आहेत आणि काळवीटही. लांडगा कळपातला जो एकटा पडला, जो लंगडतोय, त्याच्यामागं लागतो. खेळातल्या लांडग्यालाही तसंच खेळवा. त्याची बुद्धिमत्ता 3 आहे, पण साथीदार लक्ष्याला खेटून उभा असेल तर त्याला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळतो आणि चावा लागला तर तो माणसाला खाली पाडू शकतो. म्हणजे पार्टीतून फुटून पुढं पळालेला रोग त्याचं भक्ष्य. हॉबगॉब्लिनांच्या कप्तानानं मात्र क्लेरिकला एकदा जखमा भरताना पाहिलं, की पुढचे बाण तिच्यावरच यावेत. आधी पाहू द्या, मग मारा. आणि पळू द्या! 1981 च्या बेसिक नियमांत मोराल, म्हणजे हिंमतीचा आकडा, होतं: पहिला गडी पडला किंवा निम्मे पडले की दोन सहापैलू फासे, बेरीज मोरालपेक्षा जास्त आली तर माघार. गॉब्लिनचं मोराल 7. जीव प्यारा असलेला शत्रू पळतो, वाटेत इतरांना उठवतो, आणि त्याचा पाठलाग करायचा का हा नवाच पेच पडतो.

पडद्याआडच्या फिरवाफिरवीबद्दल फार बोलायला नको. खेळाडूंना कळत नाही असं फक्त डीएमला वाटतं. आमच्याकडं सोलापुरी चादरीच्या चौकटींवर नकाशा मांडतात, गॉब्लिन म्हणजे शेंगदाणे, आणि मेलेला गॉब्लिन ज्यानं मारला त्यानं खायचा. तिथं कोण किती खाल्ले याचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. मदतीची कुमक आणायचीच असेल तर ती बैठकीआधी वहीत लिहा आणि पहिल्याच राउंडला लांबून ढोल वाजवा. ऐकूनही थांबले, तर ते त्यांचं.

राहिलं मरणाचं कलम. पाचव्या आवृत्तीत शून्यावर गेलेलं पात्र तीन डेथ सेव्ह चुकेपर्यंत जिवंत असतं, आणि एका हीलिंग वर्डनं उठून बसतं. मरण हाच मापदंड धरला तर डीएमला पडलेल्याच्या छातीवर वार करत बसावं लागेल. त्या दरवाज्याच्या लढतीत हरायला मरण लागत नाही. तीन राउंड गेले, दरवाजा लोटला, अडसर पडला. चादरींच्या गाड्या आणि गाडीवान आत, चौघं धडधाकट बाहेर. आता खंदक उतरायचा, की अंधार पडल्यावर तलावाच्या बाजूनं पोहत जायचं, यावर अख्खी संध्याकाळ भांडण होतं.