झाडावर मारलेलं तांबं आळ्यात किती साठलंय?

कोकणात आंबा-सुपारीच्या फवारणीबद्दल बोलणं निघालं की प्रश्न दोनच असतात: तुडतुडा आटोक्यात आला का, आणि फळात औषधाचा अंश उतरेल का. दुसरा प्रश्नही निर्यातीमुळे आला. पानांवरून गळून आळ्यात पडलेल्या औषधाचं पुढे काय होतं, तिथल्या गांडुळांचं आणि मुळांचं काय होतं, हे सहसा कोणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत सर्वांत जास्त टिकणारी आणि सर्वांत कमी मोजली जाणारी गोष्ट म्हणजे बोर्डो मिश्रणातलं तांबं. बोर्डो जुनं, घरी बनणारं आणि सेंद्रिय शेतीतही चालणारं बुरशीनाशक. त्यामुळे ते निरुपद्रवी आहे असं आपण धरून चाललोय.

आधी हिशेब करू. एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचुदात वजनाच्या साधारण २५ टक्के तांबं असतं, म्हणजे लिटरभर द्रावणात अडीच ग्रॅम. सुपारीची लागवड २.७ बाय २.७ मीटरवर असेल तर गुंठ्याला १३-१४ झाडं बसतात. कोळेरोगासाठी, म्हणजे पावसाळ्यात सुपारीची फळं कुजवणाऱ्या बुरशीसाठी, झाडाला लिटरभर द्रावण धरलं तर एका फवारणीत गुंठ्यावर सुमारे ३५ ग्रॅम तांबं पडतं. पावसाळ्याआधी एक आणि पुढे पाऊस लांबला म्हणून आणखी दोन, अशा तीन फवारण्या झाल्या की वर्षाला १०० ग्रॅमच्या वर. युरोपीय संघाने तांब्याला घातलेली मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो आहे, म्हणजे सरासरीने वर्षाला गुंठ्यामागे ४० ग्रॅम.

गुंठ्याची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण २० टन भरते. त्यात दरवर्षी १०० ग्रॅम म्हणजे किलोमागे ५ मिलिग्रॅमची भर. वीस वर्षांत १००. यातलं काही पावसाबरोबर जातं, काही फळासोबत बागेबाहेर जातं, म्हणून हा वरच्या टोकाचा अंदाज समजा. पण पडणारं तांबं सगळीकडे सारखं पसरत नाही. खोडावरून ओघळणारं पाणी बुंध्याशीच मुरतं, आणि तांबं वरच्या चार-पाच सेंटिमीटरमध्येच अडकून बसतं. जमिनीतले जीव नेमके तिथेच असतात. किलोमागे ५० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास गांडुळांचं प्रजनन मंदावायला लागतं. त्याच्याही आधी ती अशी जागा सोडून जातात. मेलेली गांडुळं दिसत नाहीत म्हणून सगळं ठीक आहे, हा समज इथेच फसतो.

कीटकनाशकं सूर्यप्रकाशाने, पाण्याने, जिवाणूंमुळे आज ना उद्या तुटतात. धातू तुटत नाही. जांभ्या मातीचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ५ ते ६ च्या मध्ये असतो, आणि सामू जितका खाली तितकं तांबं मोकळ्या, विषारी रूपात जास्त. मातीतला सेंद्रिय भाग त्याला घट्ट धरून ठेवतो, पण कातळावर सुरुंग लावून बाहेरची माती भरलेल्या खड्ड्यात सेंद्रिय भाग असतो तरी किती? किनाऱ्यालगतच्या वाड्यांतली माती तर रेताड. तिथे धरून ठेवणारं काही नसल्यामुळे हेच पाणी विहिरीकडे आणि व्हाळाकडे (ओढ्याकडे) जातं. पाण्यातल्या लहान जिवांना मारायला गांडुळांपेक्षाही फार कमी तांबं पुरतं.

प्रत्येक औषधाचा बळी वेगळा असतो, हेही नीट कळायला हवं. कार्बेन्डाझिम हे करप्यासाठी सर्रास मारलं जाणारं बुरशीनाशक. नावात बुरशी आहे म्हणून किड्या-गांडुळांना त्याचं काही नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात ते गांडुळांना इतकं बाधतं की प्रयोगशाळेत गांडुळांची चाचणी बरोबर चाललीय का हे तपासायला मुद्दाम कार्बेन्डाझिमच वापरतात. किलोमागे १ ते ५ मिलिग्रॅमला पिल्लांची संख्या घटलेली दिसली पाहिजे, नाहीतर ती चाचणीच बाद. तुडतुड्यासाठी मारल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रीड या कीटकनाशकाचं गणित निराळं. १० लिटरला ३ मिली या शिफारशीने मोठ्या कलमावर १५-२० लिटर द्रावण गेलं की साधारण एक ग्रॅम मूळ विष झाडावर जातं. त्यातलं अर्धं खाली गळलं आणि ५० चौरस मीटरवर पसरलं, तर वरच्या एका सेंटिमीटर मातीत किलोमागे पाऊण मिलिग्रॅम. एवढ्याने गांडूळ लगेच मरत नाही, सुस्तावतं आणि कमी खातं. पण स्प्रिंगटेल, म्हणजे पालापाचोळ्यात शेपटीच्या झटक्याने उडी मारणारे बारीक पांढुरके जीव, यांना ते जास्त झोंबतं. आणि ते मातीत काही महिने टिकतं, म्हणजे पुढची पालवी येईपर्यंत संपलेलंच नसतं.

या जिवांशिवाय आंब्याचं पान कुजायला फार वेळ लागतो. पान जाड आणि चिवट. वाणी किडे, वाळवी, स्प्रिंगटेल, माइट यांनी ते आधी कुरतडायचं, गांडुळांनी खाली ओढायचं, मग जिवाणूंचं काम सुरू. इंग्लंडमध्ये विस्बेचजवळच्या सफरचंदाच्या जुन्या बागांत वर्षानुवर्षं तांबं फवारल्यावर हेच उघड झालं होतं: गांडुळं नाहीशी झाली आणि न कुजलेल्या पानांची सतरंजी मातीवर साचत गेली. आपल्याकडे ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर, कलमाखालचा पाचोळा हाताने सरकवून बघा. वर ताजी पानं, खाली जाळीदार कुरतडलेली, त्याखाली काळा चुरा आणि मग माती, असा उतरता क्रम हवा. अख्खी पानं थेट कोरड्या मातीला टेकलेली असतील, मधला थरच नसेल, तर तिथे काम करणारं कोणी उरलेलं नाही. अर्थात वणव्याच्या भीतीने दरवर्षी झाडून जाळणाऱ्या बागेत हे बघून काही कळणार नाही.

गांडुळं मोजायची तर जुलै ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात ती खोल जाऊन पडून राहतात, तेव्हा एकही सापडलं नाही तरी त्याला अर्थ नाही. फूटभर चौरस जागेवरचा पाचोळा बाजूला करा, लिटरला १० ग्रॅम मोहरीची पूड कालवलेलं चारेक लिटर पाणी दोन हप्त्यांत हळूहळू ओता आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. मोहरीच्या झोंबण्याने गांडुळं वर येतात. मोजून लगेच साध्या पाण्यात धुवा आणि सोडून द्या. हीच मोजणी त्याच उतारावरच्या, कधीच न फवारलेल्या रानात करा. देवराई जवळ असेल तर तिच्या कडेची जागा उत्तम. नुसत्या एका आकड्याने काही कळत नाही, दोन जागांमधला फरक बोलतो.

घरी करता येण्यासारखी दुसरी चाचणी म्हणजे गांडुळालाच निवड करू देणं. पसरट प्लास्टिकच्या डब्यात मधोमध पुठ्ठा उभा करा. एका बाजूला बागेतली माती, दुसऱ्या बाजूला रानातली, दोन्ही एकाच खोलीवरच्या आणि सारख्या ओलीच्या. मूठ वळली की गोळा व्हावा, पाणी सुटू नये. पुठ्ठा काढा, मधल्या रेषेवर गांडूळखताच्या बेडमधली गळ्याशी पट्टा आलेली दहा मोठी गांडुळं ठेवा, भोकाचं झाकण लावा आणि डबा ४८ तास सावलीत ठेवा. मग पुठ्ठा परत घालून मोजा. बागेच्या मातीत दोनापेक्षा कमी उरली तर ती माती त्यांना राहण्यालायक नाही. एका डब्यावर विसंबू नका, तीन-चार डबे करा, आणि एका डब्यात दोन्हीकडे एकच माती भरा. तिथे ती साधारण निम्मी-निम्मी विभागली नाहीत तर ओल किंवा उजेड कुठेतरी चुकतोय. रानातल्या मातीत कूज जास्त असेल तर गांडुळं नुसत्या खाण्याच्या ओढीनेही तिकडे जातील, तेवढं लक्षात ठेवा. उलट बाजूही आहे: खताची गांडुळं स्थानिक गांडुळांपेक्षा सोशिक असतात, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट, कार्बामेट गटातल्या विषांनी नसा आखडल्या तर त्यांना पळताच येत नाही. म्हणून निम्मी-निम्मी विभागणी म्हणजे माती निर्दोष असल्याचा दाखला नव्हे.

ही चाचणी फवारणीनंतर आठवड्याने एकदा आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा करा. पहिल्यांदा टाळलेली माती नंतर चालली, तर दोष बहुधा कीटकनाशकाचा होता. दोन्ही वेळा टाळली, तर संशय तांब्यावर घ्या.

झाडांवरची खूण मुळाशी दिसते. संशयित मातीत चवळीचे दहा दाणे पेरा, दहा रानातल्या मातीत. उगवण मोजून उपयोग नाही, कारण दाणा स्वतःच्या शिदोरीवर उगवतोच. दहा-बारा दिवसांनी रोपं पाण्यात सोडवून मुळं बघा. तांब्याने टोकं आखूड, जाड आणि तपकिरी होतात, बारीक केसमुळं फुटत नाहीत. पुढे शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, म्हणजे लोह मातीत भरपूर असूनही मुळांना ते घेता येत नाही. तिथे लोहाची फवारणी करणं म्हणजे चुकीच्या जागी पैसे घालणं.

मृदा आरोग्य पत्रिकेत झाडाला मिळू शकणाऱ्या तांब्याचा रकाना असतो, पण तो कमतरता शोधण्यासाठी. ०.२ मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला की "पुरेसे" असा शेरा पडतो, मग तो एक असो की वीस. हे मला फार खटकतं. जिथे वर्षानुवर्षं बोर्डो पडतो त्या जिल्ह्यांत वरचीही मर्यादा छापायला हवी. तोवर नमुना तरी नीट घ्या: ० ते ५ आणि ५ ते २० सेंटिमीटर वेगळे, कारण एकत्र केले की वरचा साठा खालच्या मातीत विरळ होऊन लपतो. सोबत रानातला नमुना द्या. बेसाल्टपासून झालेल्या आपल्या मातीत तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं, त्यामुळे एकूण तांब्याच्या एका आकड्यावरून घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये. नमुना जस्ताच्या बादलीत गोळा करू नका, जस्ताचा आकडा फुगतो.

बोर्डो बंद करा असं मी म्हणत नाही. कोळेरोगाने हातचं पीक जातं, हे खरंच आहे. पण आळ्यात बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचंच दुसरं बुरशीनाशक) "सावधगिरी" म्हणून ओतणं थांबवा. छाटलेल्या फांदीला १० टक्के बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. सुपारीच्या घोसांना पावसाआधी प्लास्टिकच्या पिशव्या बांधणं मजुरीचं काम आहे, पण तेवढ्या फवारण्या वाचतात. द्रावण प्लास्टिकच्या पिंपात करा, लोखंडात नको. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या दुधासारख्या पाण्यात ओता, उलट नको. घासलेला कोयता मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, आणखी चुना घाला. त्याच दिवशी संपवा. पानांवरून थेंब गळायला लागले की नळी हलवा, त्यापुढचं सगळं आळ्यात जातं. पंप आळ्यात किंवा विहिरीवर धुवू नका. कोंबडीखत भरपूर घालत असाल तर त्यातही खाद्यातून आलेलं तांबं आणि जस्त असतं, तेही हिशेबात धरा.

साठलेलं तांबं काढून टाकता येत नाही, बांधून ठेवता येतं. पाचोळा जाळू नका, आळ्यातच कुजू द्या, जोडीला चांगलं कुजलेलं शेणखत द्या आणि सामू साडेसहाच्या जवळ आणा. चुना किती, हे माती परीक्षणावरून ठरवा, आणि एकदम न टाकता दोन-तीन वर्षांत विभागून टाका. जास्त झाला तर जस्त आणि लोह अडकतं. चुना आणि युरिया किंवा अमोनियाचं खत एकत्र टाकू नका, अमोनिया उडून जातो. दोन्हींत निदान दोन-तीन आठवडे अंतर ठेवा.